सांगकाम्या आणि त्याची पोच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची यादी आणि ज्येष्ठांच्या आठवणी यांच्या शेजारी संगणकाच्या आज्ञांवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण थोडा विचार केला तर विषय आपल्या घरचाच आहे, असे दिसून येईल. सभासदांची नोंद, वर्गणीच्या पावत्या, बिनव्याजी शिक्षणकर्जाचे हप्ते, वैद्यकीय मदतीचे अर्ज हे सारे पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहून लोखंडी कपाटात ठेवले जाई. आता आपल्यासारख्या बहुतेक संस्थांत ते संगणकात असते. त्याची नक्कल रोज रात्री, कार्यालयास कुलूप लागल्यावर, एक छोटीशी स्क्रिप्ट काढते. ती एखाद्या तरुण सभासदाने सुटीच्या दिवशी बसून, विनामोबदला लिहून दिलेली असते आणि विश्वस्त मंडळी तिच्यावर विसंबून असतात. ज्या मुलाने नोकरी लागल्यावर कर्जाचा शेवटचा हप्ता भरला, त्याच्या नावापुढे 'फेड पूर्ण' हा शेरा संगणक बिघडल्यानंतरही सापडेल की नाही, हे त्या स्क्रिप्टवर अवलंबून आहे. म्हणून ती काय करते, आणि काम झाले हे ती कशावरून ठरवते, एवढे तरी लिहिणाऱ्याने आणि विसंबणाऱ्याने, दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

स्क्रिप्ट म्हणजे कामांची ओळीने लिहिलेली यादी. संगणक ती वरून खाली वाचत जातो आणि एकेक काम उरकतो. आपल्या भाषेत अशा नोकराला सांगकाम्या म्हणतात. सांगितले तेवढे तो करील. आणि काम बिघडले की नाही हे पाहायला सांगितले नसेल, तर बिघडलेल्या कामाकडे ढुंकूनही न पाहता पुढच्या कामाला लागेल. मौज अशी की या सांगकाम्याच्या स्वतःच्या अंगी कला फारच थोडी. डेटाबेसमधील माहिती उतरवून घेणे हे एका वेगळ्या प्रोग्रामचे काम, ती दाबून लहान करणे हे जीझिप नावाच्या दुसऱ्याचे, आणि ती दूरच्या संगणकावर नेऊन ठेवणे हे आरसिंक नावाच्या तिसऱ्याचे. स्क्रिप्ट एकेकाला हाक मारते, काम सांगते आणि ते संपण्याची वाट पाहते.

ही रीत रूढ झाली ती यूनिक्समुळे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली यूनिक्सचा पाया घातला. एका प्रोग्रामने एकच काम करावे पण ते चोख करावे, आणि मोठे काम अशा लहान कारागिरांना जोडून साधावे, असा त्या मंडळींचा विचार होता. डग्लस मॅकिलरॉय यांनी लावून धरल्यामुळे १९७३ मध्ये तेथे 'पाइप' आला. एका प्रोग्रामच्या तोंडून निघालेला मजकूर थेट दुसऱ्याच्या कानात पोचविणारी ती नळी होय. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचे शेल आले, आणि बाहेरच्या प्रोग्रामांना कामे सांगणाऱ्या स्क्रिप्टांना बरेचसे आजचे रूप मिळाले. आज दुकानातील साध्या संगणकापासून प्रचंड माहितीकेंद्रांपर्यंत हीच रीत चालते.

हाक मारण्याची क्रिया तीन पायऱ्यांची आहे. पहिली फोर्क: चालू प्रोग्राम स्वतःचीच एक प्रतिकृती निर्माण करतो. दुसरी एक्झेक: ती प्रतिकृती आपले जुने सोंग टाकून हव्या त्या प्रोग्रामचे रूप घेते. तिसरी वेट: मूळ प्रोग्राम, ज्याला येथे पालक म्हणतात, त्या अपत्याचे काम संपेपर्यंत थांबतो. अपत्य संपताना पालकाच्या हाती एक अंक ठेवून जाते. या अंकाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

कार्यालयाने शिपायाला बँकेत शिल्लक विचारायला पाठवले, अशी कल्पना करू. तो परत येतो तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी मिळू शकतात. बँकेने दिलेली चिठ्ठी, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर. 'गर्दी फार होती, यंत्र बंद होते' अशी त्याची तक्रार. आणि काम झाले की नाही, याचा निकाल. संगणकातही नेमके असेच आहे. प्रत्येक प्रोग्रामला जन्मतःच तीन वाटा मिळतात: शून्य क्रमांकाची वाट ऐकण्याची, एक क्रमांकाची उत्तराची, आणि दोन क्रमांकाची तक्रारीची. निकालाचा अंक या तिन्हींहून निराळा. तो कोणत्याही वाटेने येत नाही, पालकाला थेट मिळतो. उत्तर आणि तक्रार दोन्ही एरवी पडद्यावर उमटतात. पण मध्यरात्री पडद्यासमोर बसलेले कोण असणार? म्हणून स्क्रिप्टने या तिन्ही गोष्टी स्वतःच टिपून ठेवाव्या लागतात.

पैकी उत्तर टिपणे सर्वांत सोपे. बोर्न यांच्या शेलमध्ये आज्ञा उलट्या अवतरणचिन्हांत घातली की तिचे उत्तर त्या जागी येऊन बसे. आता डॉलरचे चिन्ह आणि कंस वापरतात, कारण कंसात कंस घालता येतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. उत्तराच्या शेवटी असलेल्या कोऱ्या ओळी शेल परस्पर गाळून टाकते, एवढे ध्यानात ठेवावे. पायथॉन भाषेत हेच काम सबप्रोसेस नावाचा विभाग करतो. तो २००४ मध्ये भाषेच्या २.४ आवृत्तीत आला; २०१५ च्या ३.५ आवृत्तीत त्याला 'रन' ही सुटसुटीत आज्ञा मिळाली, आणि २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून उत्तर व तक्रार दोन्ही वेगवेगळ्या पकडण्याची सोय एका शब्दाने होऊ लागली.

अडते ते निकालापाशी. शून्य म्हणजे काम फत्ते. शून्याखेरीज काहीही आले तर काहीतरी बिनसले. परीक्षेत शून्य मिळालेल्याची जी गत होते तिच्या हे अगदी उलट आहे, आणि नवशिक्यांना ते विचित्र वाटते. पण यात अर्थ आहे. यशाचा प्रकार एकच असतो, अपयशाचे अनेक, आणि प्रत्येकाला वेगळा अंक देता यावा म्हणून बाकीचे सारे अंक अपयशासाठी मोकळे ठेवले. हा अंक ० ते २५५ यांच्या दरम्यानच राहतो. शेलच्या संकेताप्रमाणे १२७ म्हणजे त्या नावाचा प्रोग्रामच सापडला नाही. १२६ म्हणजे सापडला पण चालविता आला नाही. आणि १२८ मध्ये काही मिळवलेला अंक आला तर त्याला मध्येच कोणीतरी थांबविले. १३७ दिसला तर १२८ अधिक ९, म्हणजे त्याचा सक्तीने अंत करण्यात आला. संगणकाची स्मृती पुरेनाशी झाली की असे घडते. कोणी हौशीने चुकांची संख्याच निकाल म्हणून द्यायची ठरवली आणि चुका नेमक्या २५६ झाल्या, तर अंक फिरून शून्यावर येतो आणि सारे आलबेल दिसते!

शिवाय प्रत्येक कारागिराची बोली थोडी निराळी. शब्द शोधणारा ग्रेप काहीच सापडले नाही तर १ सांगतो, आणि खरीच अडचण आली तर २. 'आज कोणाची थकबाकी आहे काय' हे शोधायला लावले आणि थकबाकीदार कोणीच नसला, तर ती आनंदाची वार्ता. पण कोणत्याही अपयशावर तत्काळ थांबावे असा हुकूम स्क्रिप्टला दिलेला असेल तर ती याच आनंदाच्या वार्तेवर थांबेल आणि नक्कल काढायची राहून जाईल. म्हणून ज्या प्रोग्रामला कामाला लावायचे, त्याच्या माहितीपत्रातील निकालाच्या अंकांचा भाग आधी वाचावा. तो बहुधा अखेरीस असतो आणि बहुधा कोणी वाचत नाही. आणखी एक बारकावा: हा अंक पुढची आज्ञा चालेपर्यंतच जिवंत असतो. मध्ये 'काम संपले' अशी एक साधी ओळ छापली तरी तिचा शून्य आधीच्या निकालावर बसतो. तेव्हा अंक आधी टिपावा, बोलायचे ते नंतर.

आता पाइपकडे वळू, कारण रात्रीच्या नकलेत खरा घात तेथे होतो. नित्याची स्क्रिप्ट अशी असते: डेटाबेस उतरविणाऱ्या प्रोग्रामचा मजकूर पाइपमधून जीझिपला द्यायचा आणि जीझिपने काढलेला दाबलेला मजकूर आजच्या तारखेच्या फाइलमध्ये ठेवायचा. ओळ एकच, दिसायला देखणी. पण दोन प्रोग्राम पाइपने जोडले की साधारणतः शेल निकाल सांगते तो शेवटच्याचा. पासवर्ड बदलल्यामुळे पहिल्या प्रोग्रामला डेटाबेसने दारातूनच परत पाठवले, तरी जीझिपला त्याचा पत्ता नसतो. त्याच्याकडे शून्य मजकूर आला. त्याने शून्य मजकूर निष्ठेने दाबला आणि 'काम फत्ते' असा शून्य अंक दिला. आजच्या तारखेची फाइल तयार झाली. तिचे वजन भरते अवघे २० बाइट, आणि ते सगळे वेष्टनाचे. जीझिपलाच 'ही फाइल धड आहे काय' असे विचारले, तरी तो होय म्हणेल. रिकामी पेटी असली तरी झाकण नीट बसलेले आहे, असा त्याचा अर्थ. कार्यालयात कोणी यादी पाहिली तर रोजच्या तारखेची फाइल रोज दिसते. महिने जातात.

यावर उपाय सोपा आहे. 'पाइपफेल' नावाचा पर्याय स्क्रिप्टच्या आरंभी लावला की साखळीतील कोणताही प्रोग्राम फसला तर साऱ्या साखळीचा निकाल फसला असाच लागतो. बॅश या प्रचलित शेलमध्ये तो बरीच वर्षे आहे. २०२४ मध्ये पॉझिक्स या सर्वमान्य मानकातही त्याला स्थान मिळाले. यासोबत आणखी एक शिस्त पाळावी. मजकूर फाइलमध्ये वळवायला सांगितले की शेल आज्ञा सुरू करण्याच्या आधीच ती फाइल रिकामी करते. म्हणजे रोज एकाच नावावर नक्कल ठेवण्याची पद्धत असेल, तर आजची फसण्यापूर्वीच कालची चांगली नक्कल पुसली गेलेली असते. त्यापेक्षा नवी नक्कल तात्पुरत्या नावाने काढावी, अंक पाहावा, आकार पाहावा, आणि मगच तिला खरे नाव द्यावे. एकाच डिस्कवर नाव बदलणे एका क्षणात होते. अर्धवट स्थिती राहत नाही.

हा सगळा काथ्याकूट लहान संस्थांपुरता आहे असे कोणी समजू नये. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांची कामे सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्यासाठी दिलेली आज्ञा प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरवर चालली. आज्ञा थांबविली तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच्या आसपास उरले होते. चूक माणसाकडून होते, आणि नकला काढून ठेवायच्या त्या याचसाठी. पण नकलांच्या कोठारात पाहतात तो कोठार रिकामे! डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि नक्कल काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा चालत होता. आवृत्ती जुळत नाही असे सांगून तो दर वेळी चूक दाखवून थांबत असे. म्हणजे प्रोग्रामने आपले कर्तव्य केले होते. तक्रारही केली आणि अपयशाचा निकालही दिला. ती तक्रार ईमेलने कळविण्याची व्यवस्थासुद्धा होती. परंतु त्या ईमेलांवर आवश्यक ती प्रमाणखूण नसल्यामुळे टपाल घेणारा सर्व्हर त्या परत लावीत होता, आणि कोणाच्याही हाती काही पडत नव्हते.

कंपनी वाचली ती योगायोगाने. एका अभियंत्याने काही वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी साऱ्या माहितीचे एक चित्र हाताने काढून ठेवले होते. त्यावरून डेटाबेस पुन्हा उभा केला. मधल्या तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. कंपनीने हा सर्व वृत्तांत स्वतःच्या दोषांसह प्रसिद्ध केला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. नाहीतर इतरांना ते कळले नसते. त्यांच्यापाशी तज्ज्ञ होते, निरनिराळे उपाय होते. शिक्षणकर्जाची वही एकाच संगणकात ठेवणाऱ्या संस्थेपाशी सहा तासांपूर्वीचे चित्र कोठून येणार?

तक्रारीच्या वाटेबद्दल दोन शब्द. ती उत्तराच्या वाटेत मिसळून टाकण्याची सवय पुष्कळांना असते, कारण मग सर्व काही एकाच जागी सापडते. वाचण्यासाठी ठेवायच्या नोंदीत तसे करण्यास हरकत नाही. पण जे उत्तर पुढे उपयोगात यायचे आहे, त्यात कदापि करू नये. मायएसक्यूएलची नक्कल काढताना पासवर्ड आज्ञेच्या ओळीतच लिहिला, तर 'असे करणे सुरक्षित नाही' अशी सूचना तक्रारीच्या वाटेने येते. दोन्ही वाटा एक केल्या असतील तर ही सूचना नकलेच्या फाइलीची पहिली ओळ होऊन बसते. निकाल शून्य, आकार भरपूर, कोठेही संशय नाही. आणि ज्या दिवशी ती नक्कल उलगडायला घ्यावी, त्या दिवशी डेटाबेस पहिल्याच ओळीवर अडून बसतो.

वाटा वेगळ्या ठेवल्या तरी दोन्हींकडे लक्ष हवे. लिनक्समध्ये पाइपची नळी एरवी ६५,५३६ बाइटांनी भरते. पालक उत्तराची वाट पाहत बसला आणि अपत्य तक्रारीची नळी भरून ती रिकामी होण्याची वाट पाहू लागले, तर दोघेही एकमेकांसाठी सकाळपर्यंत ताटकळतात. पायथॉनची 'रन' ही आज्ञा दोन्ही नळ्या आळीपाळीने उपसत राहते. ते काम हाताने करायला जाऊ नये.

नावांचीही काळजी घ्यावी. फाइलीला 'जुने हिशेब' असे मध्ये मोकळी जागा असलेले नाव दिले, आणि स्क्रिप्टमध्ये ते अवतरणचिन्हांविना वापरले, तर शेलच्या दृष्टीने त्या दोन फाइली झाल्या: एक 'जुने' आणि एक 'हिशेब'. पुसण्याच्या आज्ञेपुढे असे झाले तर काय होईल, हे सांगायला नको. त्याहून गंभीर म्हणजे बाहेरच्या माणसाने अर्जात भरलेला मजकूर जसाच्या तसा शेलच्या ओळीत घालणे. अर्धविराम शेलला नव्या आज्ञेची सुरुवात वाटतो. त्यापुढे अर्जदाराने काय लिहावे हे आपल्या हाती नसते. पायथॉनमध्ये आज्ञा आणि तिचे शब्द यादी म्हणून सुटे सुटे दिले की शेल मध्ये येतच नाही आणि हा धोका टळतो. मराठी नावांबाबत एक वेगळी अडचण आहे. प्रोग्रामकडून येते ती अक्षरे नसतात, बाइट असतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. 'कृष्णा' या नावात सहा चिन्हे, म्हणून अठरा बाइट. ठरावीक बाइट मोजून मजकूर तोडला तर चिन्हाचे मधोमध दोन तुकडे होतात आणि सभासदाच्या नावाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. तेव्हा टिपलेले उत्तर कोणत्या पद्धतीचे समजावयाचे, हे स्क्रिप्टला स्पष्ट सांगावे.

दिवसा हाताने चालविली तर चालते आणि रात्री चालत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. क्रॉन नावाचा जो रात्रीचा पहारेकरी स्क्रिप्ट सुरू करतो, त्याच्यापाशी आपल्या दिवसाच्या बैठकीचे सामान नसते. प्रोग्राम कोठे शोधावेत याची त्याची यादी अगदी त्रोटक असते. म्हणून वर सांगितलेला १२७ हा अंक रात्री फार भेटतो. प्रोग्रामचे संपूर्ण ठिकाण लिहून दिले की प्रश्न मिटतो. भाषेची मांडणीही तेथेच सांगून ठेवावी. आणि एखादा प्रोग्राम रात्री दोन वाजता 'पासवर्ड सांगा' म्हणून थांबून बसू नये, यासाठी त्याची ऐकण्याची वाट बंद ठेवावी आणि त्याला मुदत घालून द्यावी. मुदत घालणारा 'टाइमआउट' नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्सवर असतोच. मुदत संपून त्याने काम थांबविले तर तो १२४ हा अंक देतो.

हे सर्व झाल्यावर स्क्रिप्टने सकाळी कार्यालय उघडणाऱ्यासाठी एक ओळ लिहून ठेवावी: तारीख, निकालाचा अंक, नकलेचा आकार, आणि कर्जाच्या वहीत किती नोंदी उतरल्या ती संख्या. कालच्यापेक्षा आकार एकदम घटला तर ओळीच्या आरंभी 'पाहा' असा शब्द यावा. ओळच आली नाही, तर तीही वार्ता समजून त्याच दिवशी चौकशी करावी. मायएसक्यूएलची नक्कल असेल तर तिच्या अखेरीस 'पूर्ण झाली' अशा अर्थाची एक ओळ प्रोग्राम स्वतःच लिहितो. तीही आहे की नाही हे स्क्रिप्टने पाहावे. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या एखाद्या संगणकावर प्रत्यक्ष उलगडून, शिक्षणकर्जाच्या वहीतील कोणतीही पाच नावे कागदी पावतीपुस्तकांशी ताडून पाहावीत. या शेवटच्या कामाला संगणकाचे ज्ञान लागत नाही. निवृत्त सभासदांपैकी दोघांनी बसून ते केले तर अर्धा तास पुरतो.